पगार २४ हजार, कार्डाचं देणं ६० हजार

सावकाराचं व्याज आपल्याकडे शेकड्यात बोलतात. शेकडा तीन म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला तीन रुपये. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या कारखान्याच्या गेटवर कोणी शेकडा साडेतीनने पैसे देऊ लागला, तर शहाणा कामगार घरी विचारून सांगतो म्हणेल आणि परत फिरकणार नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र बहुतेक बँकांत याच दराने चालते. महिना ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. तो तर सावकारही लावत नाही.

स्टेटमेंटवर हा दर लिहिलेला असतो, पण बारीक अक्षरात आणि महिन्याच्या हिशेबाने. ३.५ हा आकडा दिसायला निरुपद्रवी वाटतो. जीएसटी धरून तो महिन्याला ४.१३ होतो आणि वर्षाला जवळपास ४९.५ टक्के. कायदा हा दर खाली आणेल अशी आशाही सध्या नको. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरचं कार्डाचं व्याज अनुचित ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. दर बँकाच ठरवतात.

कर्ज झालं की पहिला सल्ला मिळतो तो खर्च कमी करण्याचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सांगायला नातेवाइकांना कधी वेळ कमी पडत नाही. पण चोवीस हजारांत चौघांचं घर चालवणाऱ्याने पाय कधीच आखडून घेतलेले असतात. कार्डावरचं देणंही बऱ्याचदा चैनीचं नसतं. जूनमधली शाळेची फी, कोणाचं तरी ऑपरेशन, मध्ये दोन महिने सुटलेली नोकरी, असंच काहीतरी असतं. उत्पन्न तोकडं असेल तर चहा-वडापाववर नजर ठेवून फार काही हाती लागत नाही. हात घालायचा तो व्याजाच्या दराला. का, ते आकड्यांत बघू.

मिनिमम ड्यू भरल्यावर काय उरतं

समजा, अंबडला नोकरी करणारा एक जण आहे. हातात पगार २४,०००. सिडकोतल्या खोलीचं भाडं ६,५००, किराणा-भाजी-दूध ८,०००, गॅस-लाईट-मोबाईल २,०००, मुलांची शाळा आणि रिक्षा २,५००, पेट्रोल १,५००, गावाकडे आईवडिलांना १,०००. झाले २१,५००. उरले अडीच हजार. कार्डावर देणं ६०,०००, दर महिना साडेतीन टक्के.

मिनिमम ड्यू म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम. ती साधारण थकबाकीच्या पाच टक्के असते. त्यात काही बँका शुल्क, जीएसटी आणि चालू हप्ते वेगळे मिळवतात. आपण साधा पाच टक्के धरू, म्हणजे ३,०००. आता साठ हजारांवर महिन्याचं व्याज २,१०० आणि त्यावर जीएसटी ३७८, मिळून २,४७८. तीन हजार भरले तर मूळ देणं कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी.

पुढच्या महिन्यात थकबाकी किंचित घटते, म्हणून मिनिमम ड्यूही किंचित घटतो. आपल्याला वाटतं, चला, थोडा भार हलका झाला. पण भरणाही तितकाच बारीक होत जातो. दर वेळी फक्त मिनिमम ड्यू भरत राहिलं तर साठ हजारांचे तीस हजार व्हायलाच पाच वर्षांहून जास्त लागतात, तेही कार्ड पुन्हा एकदाही न वापरता.

मिनिमम ड्यू भरल्याचा फायदा इतकाच की लेट फी लागत नाही आणि खातं थकीत म्हणून नोंदलं जात नाही. तो आकडा बँकेच्या सोयीचा आहे. त्यामुळे बँकेचा आकडा घटला तरी आपला घटू द्यायचा नाही. त्याच साठ हजारांवर दरमहा ठाम ३,००० भरत राहिलं तर ४३-४४ महिने लागतात आणि एकूण जातात सुमारे १ लाख ३० हजार. दरमहा ४,००० भरले तर २४ महिने आणि साडेपंच्याण्णव हजार. ५,००० जमले तर १७ महिने आणि साडेचौऱ्याऐंशी हजार. तीनाचे चार हजार केल्याने सुमारे ३४ हजार रुपये वाचतात.

पण आपल्या माणसाकडे उरतात अडीच हजार. चार-पाच हजार सोडाच, मिनिमम ड्यूलाही पाचशे कमी पडतात. मग तो काय करतो? पेट्रोल कार्डावर टाकतो, नाहीतर किराणा. पगारातून कार्ड भरायचं आणि कार्डातून घर चालवायचं. वर्षानंतर बघावं तर देणं साठच्या साठ, कदाचित पासष्ट. आणि तरी एकही हप्ता चुकलेला नाही!

यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कार्डाचे ते बिनव्याजी वीस ते पन्नास दिवस फक्त मागचं पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी असतात. थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे आज कार्डाने घेतलेला गव्हाचा कट्टासुद्धा शेकडा साडेतीनचा. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर आधी शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज.

म्हणून पहिलं काम कार्ड थांबवणं. पाकिटातून काढून कपाटात ठेवलं एवढ्याने ते थांबत नाही. शॉपिंगच्या आणि जेवण मागवायच्या ॲपांत ते सेव्ह असतं, कुठल्या तरी वर्गणीचे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जात असतात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर किराणा दुकानातला क्यूआर स्कॅन करतानाही पैसे उधारीतून जाऊ शकतात आणि कळतही नाही. ते सगळीकडून काढून टाका. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाईन व्यवहार बंद करण्याची आणि मर्यादा कमी करण्याची सोय असते, तीही वापरा. दुकानात कार्ड घासून, शेकडा दोन-तीन कापून घेऊन रोख देणारे भेटतात. त्या रोखीने दुसऱ्या कार्डाचं बिल भरायचं, पुढच्या महिन्यात उलटं. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याच्या या खेळात दर फेरीला टोपी थोडी जड होते.

देणं स्वस्त व्याजात हलवणं

आता मुख्य मुद्दा. तेच साठ हजार वर्षाला १२ टक्के, घटत्या शिलकीवरच्या (म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच मोजलेल्या) व्याजाने तीन वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता येतो १,९९३ रुपये. अडीच हजारांत तो बसतो आणि वर पाचशे हाताशी राहतात. तीन वर्षांत एकूण व्याज पावणेबारा हजारांच्या आसपास. घरखर्चातला एक रुपयाही कमी न करता जे देणं हलत नव्हतं, ते आता ठरलेल्या तारखेला संपतं. उलट चहा, नाश्ता, सगळं सोडून त्याने पाचशे वाचवले असते, तरी कार्डाच्या दराने ते फक्त मिनिमम ड्यूपर्यंत पोचले असते.

कर्ज फेडायला कर्ज काढणं काहींना पटत नाही. शंका रास्त आहे. पण इथे देण्याची रक्कम तीच राहते, बदलतात दर आणि मुदत. कार्डाच्या देण्याला शेवटची तारीख नसते, हप्त्याच्या कर्जाला असते.

कुठे मिळेल असं कर्ज? आपल्या भागात पहिलं ठिकाण म्हणजे नोकरीतली सेवक किंवा कामगार पतसंस्था. नाशिकमध्ये जुने कारखाने, शाळा, सरकारी आणि निमसरकारी कार्यालयं अशा अनेक ठिकाणी त्या आहेत. सभासद व्हायचं, शेअर्सचे पैसे भरायचे, दोन सहकारी जामीनदार द्यायचे, हप्ता पगारातून कापला जातो. व्याज कार्डाच्या मानाने पुष्कळ कमी असतं. जामीनदाराला गळ घालायला लाज वाटते आणि कार्डासाठी कोणाला काही सांगावं लागत नाही, म्हणून लोक कार्डाकडे वळतात. त्या लाजेची किंमत वर काढलीच आहे. मात्र हप्ता थांबला तर जामीनदाराच्या पगारातून कापला जातो, हे त्यालाही आधी नीट सांगा.

दुसरी वाट सोन्याची. घरात सोनं आहे आणि कार्डावर वर्षाला ४९ टक्क्यांनी देणं आहे, अशी स्थिती मी मुळीच चालू ठेवणार नाही. हल्लीच्या भावात साठ हजारांसाठी तोळाभर सोनंही पुरेल. बँकेतलं सोनेतारण साधारण ९ ते १२ टक्क्यांत बसतं, खाजगी फायनान्स कंपन्यांत दर बरेच वर जातात, म्हणून सराफ बाजारात किंवा मेन रोडला पहिल्या दिसेल त्या पाटीखाली शिरू नका. मुदत संपल्यावर मुद्दल आणि व्याज एकदम भरण्याची योजनाही टाळा. महिन्याला काहीच भरावं लागत नाही म्हणून ती गोड वाटते, आणि वर्षाच्या शेवटी एकरकमी पैसे नसले की दागिना लिलावात जाऊ शकतो. दरमहा हप्त्याची योजना मागा. मंगळसूत्राला हात लावायचा की नाही हा प्रश्न घरातल्या दोघांनी मिळून सोडवावा. दागिना तिचा असेल तर निर्णयही तिचा.

एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर तिच्या सरेंडर व्हॅल्यूवर (पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणाऱ्या रकमेवर) कर्ज मिळतं, बऱ्याच पॉलिसींवर दहा टक्क्यांच्या आसपास दराने. बँकेत एफडी असेल तर प्रश्नच नाही. साडेसहा टक्के मिळवणारी एफडी सांभाळत ४९ टक्के भरत राहणारी घरं कमी नाहीत. अडीनडीला म्हणून सात-आठ हजार बाजूला ठेवा, बाकीची मोडा. मोडताना अर्धा-एक टक्का व्याज कापलं जाईल, जाऊ दे. भिशी लागली तर तेही पैसे इकडेच वळवा. बोली लावून लवकर उचलायची भिशी असेल तर मात्र बोलीत किती सुटतं ते आधी मोजा.

दर विचारताना एक प्रश्न न विसरता विचारा: व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर, की घटत्या शिलकीवर? फ्लॅट १२ टक्क्यांनी साठ हजार दोन वर्षांसाठी घेतले तर व्याज १४,४०० आणि हप्ता ३,१००. खरा दर पडतो जवळपास २१.६ टक्के. घटत्या शिलकीच्या १२ टक्क्यांत हाच हप्ता २,८२४ येतो. कार्डापेक्षा दोन्ही बरे, पण सांगणारा तोंडभरून 'बाराच टक्के' म्हणतो तेव्हा कोणते बारा हे कळायला हवं.

कंत्राटी नोकरी आहे, पतसंस्था नाही, सोनं नाही, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा गुणांक) घसरलेलं आहे. मग काय? कार्डाच्या बँकेलाच फोन करा आणि पूर्ण थकबाकी हप्त्यांत बदलून मागा. हप्ता चुकायच्या आधी फोन केला तर बोलणं जास्त सोपं जातं. इथे दर १८ टक्के मिळाला तरी त्यावर जीएसटी असतोच, शिवाय प्रोसेसिंग फी. तीन वर्षांचा हप्ता फी वगळता २,२७० च्या आसपास येईल. १,९९३ इतका चांगला नाही, पण अडीच हजारांत बसतो. झटपट कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपांकडे आणि परवाना नसलेल्या सावकाराकडे मात्र जाऊ नका. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि त्यांचं शेकडा दहाचं गणित कार्डाहूनही वाईट.

एक धोका उघड आहे. कार्ड मोकळं झालं की साठ हजारांची मर्यादा पुन्हा हसत समोर उभी राहते. सहा महिन्यांत कर्जाचा हप्ताही चालू आणि कार्डही भरलेलं, असं होतं. कर्जाचे पैसे ज्या दिवशी कार्डात भराल त्याच दिवशी मर्यादा दहा हजारांवर आणा किंवा कार्डच बंद करा.

दोन-तीन कार्डं असतील तर आधी कोणतं? शास्त्र सांगतं, ज्याचा दर जास्त ते. मला हे आपल्याकडच्या कार्डांना फारसं लागू वाटत नाही, कारण एकाचा दर ३.५ आणि दुसऱ्याचा ३.७५ असा किरकोळ फरक असतो. सगळ्यांचा मिनिमम ड्यू भरून, उरलेले पैसे सर्वांत लहान थकबाकीवर लावा आणि ते कार्ड संपवून बंद करा. एक वार्षिक शुल्क, एक लेट फीची भीती आणि एक तारीख लक्षात ठेवणं कमी होतं. सुटलेला भरणा पुढच्या कार्डावर जोडा.

दिवाळीचा बोनस, ओव्हरटाईम, द्राक्षाच्या हंगामात घरातल्या कोणाला मिळालेली जादा मजुरी, असे तुटक पैसे महिनाअखेरची वाट न बघता आले त्या दिवशी भरा, कारण कार्डाचं व्याज रोजच्या थकबाकीवर मोजतात. दहा हजार एकरकमी भरले की दर महिन्याचे ४१३ रुपये व्याज थांबतं.

फोन येऊ लागले तर

काही वेळा मिनिमम ड्यूही भरता येत नाही. देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत भरणा झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लेट फी लावता येत नाही आणि सिबिलकडेही थकीत म्हणून कळवता येत नाही. नव्वद दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत होण्याच्या वाटेवरचं, धरलं जातं, आणि त्याच्या बरंच आधी फोन सुरू झालेले असतात.

हे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांना किंवा नातेवाइकांना सांगून अब्रू काढणं, यालाही मनाई. वसुली एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेची. 'पोलीस पाठवतो' हे वाक्य बहुतेकांना ऐकवलं जातं. पैसे नाहीत म्हणून कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. अपवाद दोन लक्षात ठेवा: दिलेला चेक न वटणं आणि खात्यातून आपोआप कापायची परवानगी दिलेला भरणा परत जाणं. यांत फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून खात्यात पैसे नसताना एजंटच्या समाधानासाठी चेक लिहून देऊ नका.

त्रास झाला तर फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ लिहा, बँकेला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकअदालतीची नोटीस आली तर हातपाय गाळू नका. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात होणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतीत बँका दावा दाखल होण्याआधीची प्रकरणंही ठेवतात. ती समोरासमोर बसून तडजोड करायची जागा आहे. जा, मात्र महिन्याला किती झेपेल तो आकडा आधी कागदावर लिहून न्या आणि त्यापलीकडे सही करू नका, कारण तिथला निवाडा अंतिम असतो.

सेटलमेंटबद्दल थोडं सावध बोलतो. बँक 'साठऐवजी पस्तीस भरा' म्हणते तेव्हा पंचवीस हजार वाचल्यासारखे वाटतात. पण क्रेडिट अहवालात खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो. उद्या घरासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. नोकरी गेली आहे, आजारपण आहे, दुसरा मार्गच नाही, अशा वेळी सेटलमेंट जरूर करा. हप्ता झेपत असेल तर हप्त्याचीच वाट धरा. आणि सेटलमेंट करून देतो म्हणून आधी फी मागणारे मध्यस्थ दारात उभे करू नका. जे ते बोलतील ते तुम्हीही बोलू शकता. फोनवरचं आश्वासन धरू नका, बँकेचं पत्र हातात आल्यावरच पैसे भरा, आणि एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही, थेट कार्डाच्या खात्यात.

पूर्ण फिटलं की थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या आणि कार्ड बंद करण्याची लेखी विनंती करा. शून्य थकबाकी असलेलं कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर केला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा तो फुकट देतात. खातं अजून उघडं किंवा थकीत दिसत असेल तर तिथेच तक्रार नोंदवा. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.